घरातल्या माणसाची किडनी घेताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरात कुणाची किडनी निकामी होत आली की पहिला प्रश्न निघतो तो 'देणार कोण?' हा, आणि तोही सगळे जमलेले असताना. नजरा एकाच माणसाकडे वळतात. तो 'मी देतो' म्हणतो, लगेच रक्तगट पाहिला जातो, आणि त्यानंतरच्या तपासण्या, समुपदेशन, संमतीपत्र हे सगळं ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्यापुरतं उरतं. इथेच चूक होते. दात्याला विचारण्याची पायरी सगळ्यांत नाजूक असते आणि तीच सगळ्यांत घाईने उरकली जाते. पुढे तो मागे हटला तर 'शब्द फिरवला' असं होतं, आणि हटला नाही तर त्याची संमती खरी होती की नाही हे कुणालाच कळत नाही.

हा लेख जिवंत दात्याकडून किडनी घेण्यापुरता आहे. यकृताचा भाग देण्यातली जोखीम बरीच जास्त असते, त्यामुळे इथली गणितं तिकडे लावू नका. कायद्याची कलमं देशागणिक बदलतात, ती तुमच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडून समजून घ्या. पायऱ्यांचा क्रम मात्र सगळीकडे जवळपास हाच असतो.

१. दात्याचं नाव निघण्याआधी रुग्णाची तयारी

रुग्ण प्रत्यारोपणाला योग्य आहे की नाही हे ठरायच्या आत दाता शोधू नका. रुग्णाचं हृदय शस्त्रक्रिया झेलेल का, कुठे संसर्ग किंवा कर्करोग लपलेला नाही ना, लघवीची पिशवी नीट काम करते का, दात-हिरड्यांत पू नाही ना, हे आधी पाहायचं असतं. महिनाभर दात्याच्या तपासण्या करून मग रुग्णालाच नकार मिळाला, असं व्हायला नको.

डायलिसिस सुरू होईपर्यंत थांबायची गरज नसते. जीएफआर म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता २० च्या आसपास आली की प्रत्यारोपण केंद्राकडे जाण्याची वेळ झाली असं समजा. योग्य दाता असेल तर डायलिसिसच्या आधीच प्रत्यारोपण होऊ शकतं.

डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच: मूळ आजार कोणता? काही आजार नव्या किडनीतही परततात. काही आनुवंशिक असतात. पॉलिसिस्टिक किडनीसारख्या (किडनीत पाण्याच्या गाठी होणाऱ्या) आजारात सख्ख्या भावंडाच्या किंवा मुलाच्या किडनीतही तोच आजार दबा धरून बसलेला असू शकतो. उत्तर 'माहीत नाही' असेल तर रक्ताच्या नात्यातल्या दात्याची तपासणी जास्त बारकाईने व्हायला हवी.

घरात दाता मिळण्याची शक्यता असली तरी मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवा. यादीत नाव असलं की घरातल्यांवरचा भार हलका होतो. 'तू नाही दिलीस तर सगळं संपलं' हे वाक्यच खोटं ठरतं.

सावधान: प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर टाळता येण्यासारखं रक्त चढवू नये. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिद्रव्यं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं (अँटिबॉडी), तयार होतात आणि पुढे दाता जुळणं अवघड होतं. डायलिसिस केंद्रात हे आधीच सांगून ठेवा. जिवंत विषाणूंच्या लसी घ्यायच्या असतील तर त्या प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी घ्याव्या लागतात, नंतर घेता येत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस तर आजच सुरू करा.

२. विचारणा: एकेकट्याला, आणि नकाराला जागा ठेवून

घरातली बैठक बोलवायचीच असेल तर फक्त माहिती देण्यासाठी बोलवा. आजार काय, पर्याय कोणते, देणाऱ्याला काय सोसावं लागतं, एवढं सांगा आणि उठा. त्या बैठकीत कुणाकडूनही उत्तर घेऊ नका. 'ज्याला विचार करायचा असेल त्याने समन्वयकाला थेट फोन करावा, आम्हाला सांगायची गरज नाही' असं स्पष्ट सांगून नंबर सगळ्यांना द्या. एवढ्या एका गोष्टीने बराच दबाव उतरतो.

रुग्णाने स्वतः कुणाकडे मागू नये असं माझं मत आहे. आजारी माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणणं जवळपास अशक्य असतं. त्याच्या वतीने तिसऱ्या माणसाने माहिती पोचवावी आणि पाठपुरावा करू नये.

दबाव फक्त धमकीचा नसतो. आर्थिकदृष्ट्या रुग्णावर अवलंबून असलेला धाकटा भाऊ, सासरच्यांच्या शब्दाबाहेर जाऊ न शकणारी सून, 'तू आई आहेस, तू तर देशीलच' असं गृहीत धरलेली आई, ज्याचं अजून लग्न झालेलं नाही म्हणून 'तुला कुणाची जबाबदारी नाही' असं ऐकवलं जाणारा मुलगा, हे सगळे दबावाखालीच असतात. बायकांना गृहीत धरण्याचं प्रमाण घरोघरी जास्त असतं, हे डोळ्यांआड करू नका.

नेहमीची चूक: सगळ्यांत तरुण माणूस निवडणं. 'तरुण आहे, सहज भरून येईल' हे जखमेपुरतं खरं आहे. पण बावीस वर्षांच्या माणसाला एका किडनीवर साठ वर्षं काढायची असतात, आणि त्या वर्षांत त्याला मधुमेह होईल की रक्तदाब, हे आज कुठल्याच तपासणीत दिसत नाही. पंचावन्न वर्षांच्या निरोगी माणसाचं चित्र बरंच स्पष्ट झालेलं असतं. त्यामुळे वयस्क पण निरोगी दाता कित्येकदा आयुष्यभराच्या हिशेबात जास्त सुरक्षित ठरतो. अठरा वर्षांखालच्या मुलाचा तर विचारच नको.

तपासून पाहा: ज्याने होकार दिला आहे, त्याने आज नाही म्हटलं तर घरात त्याच्याशी उद्या कोण कसं वागेल? याचं उत्तर अवघड वाटत असेल तर पुढची पायरी चढू नका.

३. पहिल्या रक्ताच्या नमुन्याआधी दात्याने ठरवायच्या चार गोष्टी

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, कारण रक्त देणं किरकोळ वाटतं. पण त्या नमुन्यातून काय बाहेर येईल ते परत आत ढकलता येत नाही.

पहिली गोष्ट, अहवाल कुणाला दाखवायचे? ते दात्याचे आहेत. रुग्णाचे नाहीत, घराचेही नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस, नकळत राहिलेलं गरोदरपण, मधुमेहाची सुरुवात, काहीही निघू शकतं. 'माझे अहवाल फक्त मला सांगावेत' हे पहिल्याच भेटीत सांगा आणि नोंदवून घ्या.

दुसरी, नात्याबद्दल अनपेक्षित काही निघालं तर ते ऐकायचं आहे का? ऊतकांची (टिश्यूंची) जुळणी पाहताना क्वचित असं दिसतं की कागदावरचे वडील आणि मूल जैविक नात्याने जोडलेले नाहीत. केंद्राचं याबाबतचं धोरण आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

तिसरी, दात्याचा डॉक्टर कोण? रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं मन कितीही मोठं असलं तरी त्याचा रुग्ण दुसरा आहे. दात्याच्या बाजूने विचार करणारा स्वतंत्र डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. केंद्र तो देत नसेल तर मागा.

चौथी, विमा. आरोग्य आणि आयुर्विमा दोन्ही आधी पाहून घ्या. एक किडनी दिल्यावर नवा विमा घेताना अडचणी येऊ शकतात.

माघार कशी घ्यायची तेही इथेच समजून घ्या. चांगल्या केंद्रांत दात्याने खाजगीत 'मला नको' म्हटलं तर घरच्यांना फक्त 'हे दाते योग्य नाहीत' एवढंच कळवलं जातं, कारण दिलं जात नाही. घरच्यांनीही कारण खोदून काढू नये.

४. जुळणी

तीन गोष्टी पाहतात. रक्तगट आधी. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, एबी गटाचा कुणाकडूनही घेऊ शकतो. गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह इथे आड येत नाही, तरी केवळ त्यावरून दाता बाद झाल्याचं समजून गप्प बसलेली घरं असतात. मग ऊतकजुळणी. ती जितकी चांगली तितकं बरं, पण आजच्या औषधांमुळे कमी जुळणी हे नकाराचं कारण राहिलेलं नाही. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं, तरी जोडीदाराने दिलेल्या किडनी उत्तम चालतात.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट क्रॉसमॅच. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहतात. रुग्णाच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं असली तर किडनी लगेच नाकारली जाऊ शकते. बाळंतपण झालेल्या स्त्रीला नवऱ्याची किंवा मुलाची किडनी द्यायची असेल तर इथे विशेष लक्ष हवं, कारण गरोदरपणात तिच्या शरीराने नेमकी त्यांच्याच ऊतकांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार केलेली असू शकतात. शस्त्रक्रियेच्या अगदी आधी क्रॉसमॅच पुन्हा करतात. त्या दरम्यान रक्त चढवलं असेल किंवा मोठा संसर्ग होऊन गेला असेल तर आवर्जून सांगा.

जुळलं नाही म्हणजे दार बंद झालं असं नाही. तुमच्यासारख्याच दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करता येते: तुमचा दाता त्यांच्या रुग्णाला देतो, त्यांचा दाता तुमच्या रुग्णाला. या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी सुरू करतात. आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर दुसऱ्या बाजूचा दाता मागे हटला तर त्याला कुणी भाग पाडू शकत नाही, आणि पाडूही नये. केंद्र वेगवेगळे दिवस सुचवत असेल तर त्यामागचं कारण नीट विचारा. रक्तगट न जुळताही आधी प्रतिद्रव्यं कमी करून प्रत्यारोपण करता येतं, पण त्यात औषधांचा मारा जास्त आणि संसर्गाचा धोकाही जास्त. अदलाबदल शक्य असेल तर मी ती आधी पाहीन.

५. दात्याची स्वतःची तपासणी

क्रम असा हवा: आधी प्रश्नोत्तरं, रक्तदाब, रक्त आणि लघवी. मग हृदय, छाती, वयानुसार कर्करोगाच्या चाचण्या आणि मानसिक तपासणी. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढणं, सगळ्यांत शेवटी, कारण तिच्यात किरणोत्सर्ग आणि शिरेतून द्यायचं औषध दोन्ही येतात. ज्या दात्याला पुढे नकारच मिळणार आहे त्याने ती का सोसावी?

किडनीविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार (२०१७) जीएफआर ९० किंवा वर असेल तर दान करण्यासारखं, ६० च्या खाली असेल तर नाही, आणि मधल्या पट्ट्यात वय व इतर गोष्टी पाहून निर्णय. मधुमेह, आटोक्यात नसलेला रक्तदाब, लघवीतून जाणारी प्रथिनं, वारंवार होणारे मुतखडे, लठ्ठपणा यांचा एकेक करून नाही तर एकत्र विचार व्हायला हवा. तंबाखू-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद, आणि पुढेही बंदच.

दोन किडन्यांत फरक असेल तर चांगली दात्याकडे राहते. हे तत्त्व शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून स्पष्ट वदवून घ्या. दोन्ही सारख्याच असतील तर सहसा डावी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोयीची पडते.

नेहमीची चूक: दात्याने माहिती लपवणं. 'नाकारतील' या भीतीने रक्तदाबाची गोळी, जुना मुतखडा, दारू यांबद्दल काही सांगितलं जात नाही. त्याची किंमत दाता आणि रुग्ण दोघेही मोजतात.

६. पैसा: काय चालतं आणि काय नाही

अवयवाची किंमत देणं-घेणं जवळपास सगळ्या देशांत गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २००८ चा इस्तंबूल जाहीरनामा दोन्ही त्याच बाजूने आहेत. पण या भीतीने घरं दुसऱ्या टोकाला जातात आणि दात्याला पदरमोड करायला लावतात. तीच तत्त्वं हेही सांगतात की दात्याचा पडताळता येणारा वाजवी खर्च आणि बुडालेलं उत्पन्न भरून देणं म्हणजे विक्री नव्हे. प्रवास, तपासण्या, औषधं, रजेतला बुडालेला पगार, पुढच्या तपासण्या, हे सगळं दात्याच्या खिशातून जाता कामा नये.

पावत्या ठेवा, हिशेब लेखी ठेवा, समन्वयकाला दाखवा, आणि स्थानिक कायद्यात याची पद्धत काय आहे ते विचारून मगच द्या. घर नावावर करून देणं, कर्ज फेडणं, नोकरी लावणं ही भरपाई नाही. ती किंमत आहे, मग घरातलं माणूस असलं तरीही.

सावधान: 'दाता मिळवून देतो, कागदांवर नातं दाखवू' म्हणणारा कुणी भेटला तर बोलणं तिथेच थांबवा. अशा व्यवहारात दात्याची तपासणी अपुरी होते, संसर्ग लपवले जातात आणि नंतर त्या माणसाकडे कुणी पाहत नाही.

७. संमती

दात्याशी एकट्याशी बोलणं झालेलं नसेल तर सही करू नका. दुभाषी लागत असेल तर तो घरातला नको. सगळं समजल्यावर काही दिवस मध्ये जाऊ द्या, मगच तारीख घ्या.

दात्याला हे आकडे ठाऊक असायला हवेत. शस्त्रक्रियेमुळे मृत्यूचा धोका १०,००० मागे सुमारे ३ असा नोंदला गेला आहे, अलीकडे त्याहूनही कमी. पुढच्या आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याचा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात असा होता: दात्यांत १०,००० मागे ९०, तितक्याच निरोगी पण दान न केलेल्यांत १४, आणि कसलीही निवड न केलेल्या सर्वसाधारण लोकांत ३२६. तिसरा आकडा दाखवून 'दाते तर इतरांपेक्षा सुखरूप' असं सांगतात, पण खरी तुलना दुसऱ्या आकड्याशी आहे. धोका लहान आहे, आणि दान केल्याने तो वाढतो. दोन्ही वाक्यं एकत्र सांगितली तरच माहिती पूर्ण होते. मूल व्हायचं असलेल्या स्त्रीला हेही सांगा की दानानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असते.

आणखी एक प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही पण विचारावाच लागतो: किडनी काढल्यावर ऐन वेळी रुग्णाला ती बसवता आली नाही तर तिचं काय करायचं? उत्तर आधी लिहून ठेवा.

तपासून पाहा: भूल देईपर्यंत नाही म्हणता येतं, हे दाता स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो का?

८. शस्त्रक्रियेचा आठवडा

इथलं काम डॉक्टरांचं. तुमचं काम एवढंच की सोबतीला दोन वेगळी माणसं हवीत, एक रुग्णाजवळ आणि एक दात्याजवळ. एकाच माणसावर दोघांचं सोपवलं की तो दिवसभर रुग्णाच्या खोलीबाहेर असतो आणि दाता एकटा पडतो.

दात्याचं ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होतं. दुसऱ्या दिवशी चालवतात, साधारण दोन ते चार दिवसांत घरी सोडतात. खांद्यात दुखलं तर घाबरू नका, पोटात भरलेल्या वायूमुळे ते होतं आणि थोड्या दिवसांत जातं. रुग्णाच्या जुन्या किडन्या सहसा तशाच ठेवतात, नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. ती लगेच चालली नाही तर काही दिवस डायलिसिस लागू शकतं. तो अपयशाचा निकाल नाही.

९. दाता घरी आल्यावर

सहा आठवडे जड उचलायचं नाही, लहान मूल कडेवर घेणंही यातच आलं. बैठं काम चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येतं, अंगमेहनतीच्या कामाला जास्त वेळ लागतो. ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज, दम लागणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

उरलेली किडनी काम वाढवते आणि एकूण क्षमता आधीच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत येते. म्हणून दात्याचं क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) आधीपेक्षा थोडं जास्त राहणारच. प्रयोगशाळेच्या कागदावर ते ठळक छापून आलं की घरभर भीती पसरते. दानानंतर स्थिरावलेला आकडा लिहून ठेवा आणि तुलना त्याच्याशी करा. दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासायची, आयुष्यभर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. प्रत्येक नव्या डॉक्टरला 'मला एकच किडनी आहे' हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

मनाकडेही पाहा. ऑपरेशनच्या आधी दाता सगळ्यांच्या केंद्रस्थानी असतो, नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण रुग्णाची चौकशी करतो. काही दाते या दिवसांत खचतात. रुग्णाच्या मनातही ओझं असतं, उपकाराचं. कुणी 'माझी किडनी आहे, नीट सांभाळ' असं लक्ष ठेवू लागतं, कुणी संकोचून दात्याला टाळू लागतं. समुपदेशकाच्या भेटी दोघांसाठी, वेगवेगळ्या, आधीच ठरवून ठेवा. पहिल्या वर्षात किडनी गेली तर हे जास्तच लागतं. त्या वेळी डॉक्टरांनी दात्याला बसवून सांगायला हवं की त्याच्या देण्यात काही कमी नव्हतं.

१०. घेणाऱ्याची औषधं

नकार, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारणं, रोखणाऱ्या गोळ्या किडनी चालू आहे तोवर रोज घ्यायच्या असतात. त्यांतली टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा असेल तर बरोबर बारा तासांच्या अंतराने. रक्तातली पातळी तपासायची त्या दिवशी सकाळची गोळी आधी घेऊ नका, नमुना दिल्यावर घ्या. आधी घेतली तर आकडा फुगतो, डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि त्यातून नकार सुरू होऊ शकतो. ही चूक फार वेळा होते.

चुकलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, केंद्राला फोन करा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तरीही फोन. दुसऱ्या डॉक्टरने अँटिबायोटिक, बुरशीवरचं औषध किंवा क्षयरोगावरचं औषध लिहून दिलं तर सुरू करण्याआधी विचारा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमसची पातळी वाढते, रिफॅम्पिसिनने कोसळते. जडीबुटी, काढे, 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णं पूर्ण बंद. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, ती वाढवायची नाही.

नकाराला बहुतेकदा लक्षणं नसतात, फक्त क्रिएटिनिन वाढतं. म्हणून बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका. लघवी कमी होणं, वजन एकदम वाढणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच फोन करा. केंद्राचा रात्रीचा नंबर रुग्णाच्या आणि सोबतच्या माणसाच्या, दोघांच्याही फोनमध्ये आजच घालून ठेवा.